अनार, रक्त तपासून घे

आत-बाशी, १४ मे २०१७

विहीणबाई अनारकान यांस,

माझा फोन उचलायचा नाही असं आपण ठरवलेलं दिसतं. बेगायिमनं लावला की पहिल्या घंटेला उचलता, आणि मागून माझा खोकला ऐकू आला की ‘चुलीवर दूध आहे’ म्हणून ठेवून देता. बिश्केकमध्ये तुमच्या चुलीवर दिवसभर दूधच असतं वाटतं. म्हणून हा कागद. शारशेन उद्या पहाटे टॅक्सी घेऊन तिकडे निघतोय, तो बाजारात तुमच्या दुकानावर आणून देईल. कागद मध्येच तोडून टाकता येत नाही. बाजूला ठेवलात तरी तो तिथंच पडून तुमच्याकडे बघत राहील.

पुरे. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ लिहिताना हात अवघडला. माझ्या मेदेरनं तुझी बेगायिम आणली म्हणून आपण विहिणी झालो. त्याआधी उभा जन्म तू अनार होतीस आणि मी बुरूल. तुझा बाप आणि माझा बाप एकाच कोलखोजची, सामुदायिक शेताची, मेंढरं राखायचे, आणि उन्हाळ्यात आपले तंबू इतके जवळ असायचे की तुझ्या आईनं तुला शिवी घातली की मी दचकायचे. अशा बाईशी मी मानपान कसला करू?

तू गेल्यावर काय झालं ते बेगायिमनं सांगितलं असेलच, पण माझ्या तोंडून ऐक. मी बरी आहे. नारीनच्या इस्पितळातून घरी येऊन आठवडा झाला. ताप गेला, चेहऱ्याची सूज उतरली. डॉक्टर गुलबारानं तीन औषधांपैकी एकाची मात्रा कमी केली. पुरळ आलं ते त्याच औषधामुळे, असं ती म्हणते. बाकी दोन चालूच आहेत. औषधं बंद करायची नाहीत, यकृतातला विषाणू मरतोय, अंगावर दिसतंय तो त्याचा धूर आहे, असं ती म्हणाली. तिची उपमा मला पटली. चूल पेटली की धूर व्हायचाच.

आता मेंढीचं. मला सगळं आठवतं, तू समजतेस तेवढी मी बेशुद्ध नव्हते. माझ्या अंगावर पुरळ उठलंय एवढंच ऐकून तू गाडीत बसलीस, रविवारच्या गुरांच्या बाजारातून काळ्या तोंडाची मेंढी निवडलीस, आणि अंगणात कापून तिचं ऊन-ऊन कातडं माझ्या उघड्या अंगाला गुंडाळलंस. आपल्याकडे काय, पाठ धरली तर कातडं, ताप आला तर कातडं, सून रुसली तरी कातडंच. माझ्या सासूनं मला दोनदा गुंडाळलं होतं आणि दोन्ही वेळा मी बरी झाले होते. तू ते आपल्या मनानं केलं नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, कदाचित मेंढी जरा स्वस्तातली बघितली असती.

पण अंग आधीच भाजल्यासारखं होतं, त्यावर ती ऊब आणि ती लोकर. सकाळपर्यंत मी टोमॅटो झाले होते. मेदेरनं मला गाडीत घातलं, इस्पितळात पोचवलं, परत आला आणि अंगणात तुला म्हणाला, ‘आईला मारायला आला होतात का तुम्ही?’

हे मला आठ दिवसांनी कळलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आमच्या घरातला जावई सासूसमोर मान वर करत नाही, आणि हा माझा मुलगा अंगणात, शेजाऱ्यांच्या देखत. मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो चुकला, आणि त्याला ते कळलंय. बेगायिम त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही, हे बघून मला तुझी मुलगी आणखी आवडली.

मला लागलं ते वेगळंच. तू कोट घातलास आणि आमच्या घरातली भाकर न मोडता गेलीस. बेगायिम ताटलीत नान घेऊन फाटकापर्यंत तुझ्यामागे धावली. भरल्या पोटाचा पाहुणासुद्धा निघताना एक तुकडा तोंडात टाकतो, म्हणजे त्याला परत यावं लागतं. तू टाकला नाहीस. मी घरी आल्यावर तो नान अजून तिथंच ठेवलेला होता, वाळून दगड झालेला. बेगायिमनं फेकला नव्हता आणि मीही फेकला नाही. चहात बुडवून मीच खाल्ला.

जुलैत तुझ्या मुलीचे दिवस भरतील. पाळणा आईच्या माहेरून यायचा असतो, आणि बाळाला पहिल्यांदा पाळण्यात तूच घालायचंस. ये. कुठल्याही वारी, कुठल्याही गाडीनं.

बुरूल

ता. क. तुला एकदा अंगभर गांधी उठल्या होत्या, आठवतं? तुझ्या आजीनं तुला शारशेनच्या आजोबांचं गाढव जिथं लोळलं होतं तिथं नेऊन लोळवलं होतं. गांधी गेल्या, पण उन्हाळाभर पोरं तुला बघून रेकायची. त्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मेंढीचं कातडं म्हणजे त्याचा सूड असेल तर आता आपली फिटंफाट झाली.

•

आत-बाशी, ११ जून

अनार,

शारशेन म्हणतो की तू पत्र घेतलंस, कनातीमागे जाऊन वाचलंस, आणि बाहेर येऊन त्याला चहा दिलास. उत्तर काही दिलं नाहीस. म्हणजे रागावली आहेस, पण दुकान चालू आहे. ठीक.

माझ्या गोळ्या या आठवड्यात संपतात. पाकिटावर हिंदुस्थानात बनवल्याचं लिहिलंय. मी कधी चोल्पोन-आता गावाच्या पलीकडे गेले नाही आणि माझं यकृत हिंदुस्थानच्या भरवशावर. पुरळ ओसरतंय. पाठीवर अजून आहे. खाज म्हणशील तर दुपारी जास्त, ऊन लागलं की जास्त, आणि मेदेर भांडायला लागला की सर्वांत जास्त. लोकरीचं काही अंगाला लावायचं नाही, गरम पाण्यानं अंघोळ नाही, सुती सैल झगा. नमदे लाटण्यात जन्म गेलेल्या बाईला लोकर बंद म्हणजे माशाला ओढा बंद.

आज मला एक महत्त्वाचं लिहायचंय आणि मी वर गोळ्यांबद्दल बडबडत बसले आहे. तू मला ओळखतेसच.

डॉक्टर गुलबारा मला पहिल्या दिवसापासून विचारतेय की हे तुमच्याकडे आलं कुठून. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो, तीस-चाळीस वर्षं गुपचूप बसतो आणि माणसाला वाटतं आपण म्हातारपणानं थकलोय. मला तरी कुठं काय होत होतं? पित्ताशयाच्या खड्याचं ऑपरेशन करायचं म्हणून रक्त तपासलं, तर हे निघालं. मी तिला म्हटलं, दात काढले होते, बाळंतपणं झाली, त्यातलं काहीतरी असेल. तिनं लिहून घेतलं. मग परवा तपासताना तिनं माझ्या कानाकडे बघितलं आणि सहज विचारलं की कान कुणी टोचले.



तुर्सून वहिनी आठवते ना? मी काय विचारते, तुझीच वहिनी. थोरल्या दादानं तिला आणलं तो उन्हाळा. पांढरा रुमाल बांधून ती धुरात वाकायची, आणि मोठी माणसं बाहेर गेली की रुमाल मागे ढकलून आपल्याशी खडे खेळायची. आपल्याला ती बाई वाटायचीच नाही, आपलीच कुणी उंच मैत्रीण वाटायची. तिनंच ठरवलं की या दोन पोरींचे कान अजून कोरे आहेत, ही लाजेची गोष्ट आहे. तू रजयांच्या चळतीमागे लपलीस. मी नुसतीच रडायला लागले. तेव्हा तिनं आपल्याला समोर बसवलं, स्वतःच्याच कानाची पाळी धरली, आधीच्या भोकाशेजारी सुई आरपार घातली आणि म्हणाली, ‘बघा गं. डास चावला एवढंच.’

डोळ्यांतून पाणी आलं होतं तिच्या, आणि हसत होती. मग झग्याच्या काठाला सुई पुसली आणि माझे दोन्ही कान. मग तुझे. तिघींच्या कानात लाल रेशमाचा दोरा, वर लोणी. संध्याकाळभर आपण तिच्या दोन मांड्यांवर दोन डोकी ठेवून पडलो होतो आणि ती आपल्या तोंडात कुरूताचे, वाळवलेल्या दह्याचे, गोळे टाकत होती. मला जन्मात इतकं कुणी लाडावलं नाही. आईनंही नाही. आईला वेळच नव्हता.

तुर्सून वहिनी कशानं गेली, अनार? पिवळी पडली, पोटात पाणी झालं, कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं ओल्या जागी झोपली. आपण दोघी तिला सुती कापडानं पुसत होतो तेव्हा तिचे हातपाय काड्यांसारखे आणि पोट घागरीसारखं झालं होतं. डॉक्टर गुलबाराला मी एवढंच सांगितलं, तिनं चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघितलं.

ती म्हणाली की खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, दातांचंही असू शकेल, बाळंतपणाचंही. मी वहिनीला बोल लावत नाही. ती सुई तिनं आधी स्वतःला टोचली ती आपली भीती जावी म्हणून. पण त्या सुईखालून गेलेल्या तिघींपैकी एक मातीत आहे आणि एक गोळ्या खातेय. तिसरीनं रक्त तपासून घ्यावं.

बेगायिमला मी यातलं काही बोलले नाही, पोटुशी बाई आहे. तिचं स्वतःचं रक्त इथं तपासलंय, ते स्वच्छ आहे, ती काळजी करू नकोस. बिश्केकमध्ये चिठ्ठीशिवायही तपासतात. एक सुई, एक छोटी नळी. आणि हो, आता नवी सुई असते, प्रत्येकाला वेगळी.

अनार, रक्त तपासून घे.

बुरूल

•

आत-बाशी, १६ जुलै

अनारकान,

मुलगी झाली. मंगळवारी दुपारी. तुझ्या मुलीनं फोनवर सांगितलंच असेल. कपाळ तुझं आहे, म्हणजे हट्टी निघणार. नाव सेझिम ठेवलंय.

पाळणा पोचला. शारशेननं गाडीच्या टपावरून सोडला तेव्हा अर्धी आळी बघायला आली. विलोचं लाकूड, लाल रंग, वरची दांडी अशी गुळगुळीत की बाळाआधी मीच हात फिरवत बसले. गादी तू शिवलेली, पट्टे तू विणलेले, वर पांघरायला कापडंच कापडं. मेंढीच्या घोट्याचं हाड आणि मोरपिसाचा गोंडा, दृष्ट लागू नये म्हणून. सगळं आलं, काही विसरली नाहीस. आजी तेवढी आली नाही.

मी खूप रागावले, खोटं का बोलू. अंगाचा तिळपापड झाला, आणि तोही पुरळाशिवाय. बायकांनी विचारलं, बाळाच्या आईची आई कुठंय, पाळण्यात कोण घालणार? मी सांगितलं की विहीणबाईंच्या दुकानात मोठी मागणी आलीय. रक्ताचं मी लिहिलं त्यावर तू तिच्याकरवी एवढाच निरोप दिलास की ‘मला काही झालेलं नाही.’ ती मला विचारत होती, आईला काय व्हायचंय? मी विषय बदलला. इथं बसून मी लिहायचं आणि तू तिथं कान बंद करायचे, असं किती दिवस चालायचं?

हे पत्र मी असंच रागात संपवून शारशेनच्या हातात देणार होते. त्याला चहा दिला, तळलेल्या कणकेचे बोर्सोक पुढे ठेवले आणि म्हटलं, काय रे, विहीणबाई पाळणा देताना काहीच बोलल्या नाहीत? तो आधी नाही म्हणाला. मग दुसरी वाटी प्यायल्यावर म्हणाला की काकू, त्यांनी एकच विचारलं. पाळण्याला दोर बांधताना दुसरीकडे बघत विचारलं.

‘तिची कातडी परत आली का रे?’

तो म्हणाला, आली की, आता बाजारात फिरतात. तर तू म्हणालीस, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

अनार, मी इतके दिवस समजत होते की तू मेदेरवर रागावली आहेस. मला शहाणीला कळायला शारशेन लागला.

बाळाला अजून पाळण्यात घातलेलं नाही. मी घालू देत नाही. माझ्या हातावर झोपते ती. बायका म्हणतात हाताची सवय लागेल. लागू दे.

बुरूल

•

जायलूवरून, २० ऑगस्ट

माझ्या अनार,

मेदेरच्या मेंढरांबरोबर मी वर डोंगरातल्या कुरणावर आले आहे. डॉक्टरीणबाईंनी ऊन टाळा म्हटलंय, म्हणून टोपीवर रुमाल बांधून तंबूच्या सावलीत बसते आणि सगळ्यांना कामं सांगते. उंटावरून शेळ्या हाकण्यात केवढं सुख आहे हे मला या वयात कळलं. खाली ओढ्यापलीकडे आपले तंबू असायचे ती जागा दिसते. तिथं आता बिश्केकच्या कुणीतरी परदेशी पाहुण्यांसाठी पांढरेशुभ्र तंबू लावलेत. संध्याकाळी तिथं दिवे लागतात आणि गाणी वाजतात. आपल्या वेळी तिथं फक्त तुझ्या आईच्या शिव्या ऐकू यायच्या. मला त्या जास्त गोड वाटायच्या.

आज मी तुला तेच सांगणार आहे ज्याची तुला भीती वाटते. तू मला त्या सकाळी बघितलंस. कातडं काढलं आणि खालून मी निघाले, छातीपासून मांड्यांपर्यंत लाल, फुगलेली, डोळे मिटलेले. तू किंचाळलीस ते मला ऐकू आलं होतं. तू तेव्हा मनात धरलंस की हा रोग आहे, किंवा ते औषध विष आहे, आणि रक्त तपासलं की पुढची पाळी तुझी. म्हणून फोन नाही, भाकर नाही, आणि नातीच्या पाळण्याजवळही नाही. रोग परवडला पण औषध नको, असं लोक उगीच म्हणत नाहीत, तुझं चुकत नाही.

तर ऐक. पुरळ म्हणजे रोग नव्हे. ते कुणाला लागत नाही, माझ्याच घरात राहून बेगायिमला काही झालं नाही. ते औषधाचं होतं आणि औषधाबरोबर गेलं. पहिल्यांदा छातीवर आलं, मोहरी सांडल्यासारखं. मला वाटलं घामोळं. मग हातांवर आलं. खाजवून खाजवून मी दाराच्या चौकटीला पाठ घासायचे, म्हशीसारखी. रडायचेही. कुणी बघत नसताना मी त्या गोळ्या एकदा चुलीत टाकायला निघाले होते हेही सांगते, मेदेरला बोलू नकोस. टाकल्या नाहीत, त्याचं कारण काही मोठं शहाणपण नाही. बेगायिम चहा घेऊन आली आणि हातात डबी बघून तिनं विचारलं की आई, पाणी देऊ? मग घेतलीच.

मात्रा कमी केल्यावर खाज निम्मी झाली. मलमं लावली. गोळ्या संपल्यावर पंधरवड्यात पाठ कोरडी पडली, पापुद्रे निघाले आणि खालून नवी कातडी आली, पोरीसारखी गुलाबी. परत आली का विचारलंस ना? आलीय. आधीपेक्षा बरी आलीय. शेजारची म्हणते मी काहीतरी लावते.

आणि तुझ्या त्या कातड्याबद्दल. पहिला तासभर मला काहीच दुखलं नाही, अनार. ऊन, ओलं, जड, मेंढीचा तो वास, आणि बाहेर तू कुणाला तरी पाणी तापवायला सांगत होतीस. मी डोळे मिटले तर तुर्सून वहिनीच्या तंबूत होते. आपण ओढ्यात पडून भिजून आलो होतो, आठवतं, आणि तिनं आपल्या दोघींना एकाच पोस्तिनात, मेंढीच्या कातड्याच्या कोटात, कोंबून चुलीपाशी ठेवलं होतं. तुझ्या पायाची बोटं माझ्या पोटाला गार लागत होती. त्या तासात मला पक्कं वाटत होतं की हात पुढे केला तर तुझे पाय लागतील. मी रडत होते ते त्यासाठी. तू समजलीस मला यातना होतायत. यातना नंतर झाल्या, आणि त्या मी कधीच विसरून गेले. तो तास मात्र राहिला. तो मला तूच दिलास.

तुला भीती वाटते तर वाटू दे. भीत भीतच जा. डोळे मिटून हात पुढे कर.

तुझी बुरूल

•

आत-बाशी, ८ ऑक्टोबर

अनार,

माझ्या रक्तात आता विषाणू नाही. डॉक्टर गुलबारानं कागद दोनदा वाचला आणि मग उठून मला मिठी मारली. डॉक्टर लोकांना हे करताना मी आधी बघितलं नव्हतं. यकृतावरचे व्रण राहतील, अधूनमधून तपासायला जायचं. पण तो गेला. मी घरी येऊन बोर्सोक तळले आणि सगळ्या आळीत वाटले, वहिनीच्या नावानं.

ही बातमी द्यायला मी तुला फोन लावला आणि तो बेगायिमच्या भावानं उचलला. मग मला सगळं कळलं. ऑगस्टअखेर तू रक्त तपासायला दिलंस, आणि माझंच दुखणं तुझ्यातही निघालं. तू कुणाला न सांगता एकटी गेलीस, एकटीनं चिठ्ठी आणलीस, एकटीनं गोळ्या सुरू केल्यास. तुझं यकृत माझ्याइतकंच थकलेलं, म्हणून तुलाही तीच तीन औषधं. मग हातांवर पुरळ आलं. बाजारात नमद्याच्या सपाता उचलून दाखवायच्या तुझे हात बघून गिऱ्हाईक मागे सरायला लागलं, शेजारच्या दुकानवाल्या बाईनं तुझ्या वाटीत चहा घेणं सोडलं. तू दुकान बंद केलंस, आणि गुरुवारपासून गोळ्याही बंद केल्यास. पोराला म्हणालीस, बुरूल लोखंडाची आहे, मी नाही.

मी कसल्या लोखंडाची? तुला जायलूवरून सगळं लिहिलंय, चौकटीला पाठ घासणारी बाई लोखंडाची असते का?

मी लगेच डॉक्टर गुलबाराला फोन केला. तिनं तुझ्या तिकडच्या डॉक्टरणीला लावला. त्यांचं म्हणणं एकच. गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. कुठलं औषध किती कमी करायचं, किती दिवस थांबवायचं, ते त्या बघतील, पुरळावर इलाज आहे. आत्ताच परत सुरू केल्या तर अजून सगळं हातात आहे. उशीर केला तर तो आत बसलेला आणखी शिरजोर होतो. मंगळवारी सकाळी तिकडच्या डॉक्टरणीनं तुला बोलावलंय. तू जाणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

म्हणून हे पत्र शारशेनच्या हातात देत नाही. उद्या त्याच्या शेजारच्या सीटवर मीच बसणार आहे. दोलोनच्या खिंडीत बर्फ पडलंय, तो म्हणतो काकू, आठ दिवस थांबा. मी म्हटलं, तू गाडी चालव. मेदेरही येतोय. घाटात चाकांना साखळ्या लावायला लागतील म्हणून, असं तो बेगायिमला म्हणाला. मला म्हणाला की सासूबाईंच्या दारात मला आधी उभं राहू दे. काय बोलणार आहेस विचारलं तर म्हणाला, माहीत नाही, मान खाली घालून उभा राहीन. बेगायिम आणि सेझिम मागच्या सीटवर. पाळणा टपावर. नातीला त्यात तूच घालणार आहेस, तुझ्या त्या लाल हातांनी. मी तिकडच्या डॉक्टरणीला विचारून घेतलंय. म्हणाली, खुशाल घालू द्या.

मी तुझी शेवटची गोळी संपेपर्यंत राहणार. तुझ्या पाठीला मलम मी लावणार, दुकानात मी बसणार, आणि तुझ्या वाटीतला चहा मी त्या शेजारणीसमोर बसून पिणार. तू शिव्या दे. तुझ्या आईचा गळा तुझ्याकडे आलाय, मला घरी आल्यासारखं वाटेल.

एक खरं सांगून ठेवते, दार उघडण्याआधी. इतके महिने मी लिहिलं की बाळाला आजी पाहिजे, बेगायिमला आई पाहिजे. ते सगळं खरं. पण मी येतेय ती माझ्यासाठी. माझे आई-बाप गेले, भाऊ गेले, आपल्या दोघींचे धनी गेले, तुर्सून वहिनी गेली. या जगात आता सगळे मला आई म्हणतात, काकू म्हणतात, आजी म्हणायला एक आलीय. बुरूल म्हणणारी एकच उरलीय, आणि ती गुरुवारपासून गोळ्या खात नाहीये.

तू नसलीस, अनार, तर मी कधीकाळी लहान होते हे कुणालाच ठाऊक असणार नाही.

बुरूल